दोन नंबरची शेड

बाबांनी कोंबड्यांच्या दोन शेड बांधल्या आणि नावं शोधायचा कंटाळा म्हणून त्यांना आकडे दिले. ते गेल्यावर वाटणी झाली तेव्हा थोरल्या मुलीनं, जिला घरीदारी सगळे ताईच म्हणत, फारसा विचार न करता एक नंबर घेतली. ती रस्त्याला लागून होती, पत्रे नवे होते, पाण्याची टाकी मोठी होती. धाकट्या चिमीला मागची, दोन नंबरची मिळाली. मध्ये शंभरेक पावलांची पायवाट. ताईला तेव्हा चिमीची दयाच आली होती. शाळेत असताना चिमी कोंबडी हातात धरायलाही घाबरायची. पिल्लं उबेला कशी ठेवायची, खाली अंथरलेला भुसा कधी पालटायचा, पहिले तीन दिवस पाण्यात औषधाची कुठली पावडर किती चमचे टाकायची, सगळं ताईनंच तिला शिकवलं होतं.

मग आईला लघवीचा संसर्ग झाला. साध्या गोळ्यांनी जायला हवा होता. गोळ्या तीनदा बदलल्या, ताप हटेना. शेवटी दहा दिवस दवाखान्यात ठेवून इंजेक्शनं द्यावी लागली. त्या दहा दिवसांत ताईच्या कोंबड्यांची बॅच विक्रीला निघाली होती, त्यामुळे आईजवळ चिमी थांबली. डॉक्टर रोज सकाळी यायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, घरात कोंबड्या-गुरं आहेत का, त्यांना औषधं कोण देतं, किती देतं. आईचा आजार कोंबड्यांमुळेच झाला असं ते म्हणाले नाहीत, ते कुणालाच सांगता येणार नाही असंच म्हणाले. पण हेही म्हणाले, की जी औषधं माणसांना देतो, त्यातलीच बरीच जनावरांना दिली जातात. निरोगी जनावरांना रोज थोडी थोडी पाजत राहिलं की जंतूंना त्यांची सवय होते. मग एक दिवस खरंच गरज पडते आणि औषध उपयोगाचं राहत नाही.

चिमी घरी आली ती वेगळीच होऊन आली. गावच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, वह्या आणल्या, पंखे बदलले, पाण्याचे नळ दर बॅचनंतर धुवायला सुरुवात केली. शेडच्या दारात गुडघाभर उंचीची एक आडवी फळी ठोकली. बाहेरचे बूट फळीच्या अलीकडे काढायचे, पलीकडे ठेवलेले आतले बूट घालायचे, हात धुवायचे, मगच आत. आणि पावडर बंद. आजार दिसला तरच औषध, तेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तर.

"चार महिने टिकणार नाही," ताई म्हणाली होती.

पहिल्या बॅचला चिमीची बरीच पिल्लं गेली. ताई सांत्वनाला गेली आणि परतताना पायवाटेवर गुणगुणत आली. दुसऱ्या बॅचला कमी गेली. चौथ्या बॅचला चिमीची मर, म्हणजे दगावलेल्या पिल्लांचा आकडा, ताईपेक्षा कमी निघाली, आणि तेव्हापासून ताईच्या पोटात दुखायला लागलं.

ती काही वाईट बाई नव्हती. पण अठरा वर्षं पोल्ट्रीतलं काहीही विचारायचं झालं तर लोक तिच्याकडे येत. आता ते तिच्या अंगणातून पुढे जात. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरानं चिमीच्या कोंबड्या लावून घेतल्या, खोक्यावर बिनऔषधाची म्हणून हिरवी चिठ्ठी लागली. आई हवापालट म्हणून चिमीकडे गेली ती तिथेच राहिली. "तिच्याकडे मोकळं वाटतं गं," आई म्हणाली. ताईनं त्या दिवशी आपल्या घरातलं अर्धं सामान माळ्यावर टाकलं आणि आईला फोन करून सांगितलं, की आता आपल्याकडेही मोकळं झालंय. आईनं "बरं झालं" म्हणून फोन ठेवला.

एका सकाळी तर कहर झाला. डॉक्टरीणबाई तीसेक पोल्ट्रीवाल्यांना चिमीची शेड दाखवायला घेऊन आल्या. मागे गाड्या लावायला जागा नव्हती, म्हणून सगळ्या गाड्या ताईच्या अंगणात. एक चष्म्याची बाई हात धुवायला पाणी मागत ताईजवळ आली.

"तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात का?"

"नाही. मी तिची मोठी बहीण."

"अरे वा. मग तुम्हीही औषधं बंद केली असतील."

"चहा घेणार का?" ताईनं विचारलं.

तिनं तीस माणसांचा चहा केला. चहा पिताना सगळे चिमीबद्दलच बोलत होते. तिच्या शेडमधला भुसा म्हणे हातात घेतला तर भुरभुर गळतो, इतका कोरडा. ताई रिकामे कप गोळा करत हे ऐकत होती. तिच्या शेडमध्ये नळांखालचा भुसा नेहमी ओला असायचा, त्याचा वास तिच्या केसांनाही यायचा.

त्या दिवशी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "ती काहीतरी लपवतेय. नळात नुसतं पाणी आणि मर माझ्याहून कमी? शक्यच नाही. दोन नंबरच्या शेडमध्ये दोन नंबरचा धंदा चाललाय."

नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी तो मोजकंच बोले.

"मग विचार तिला."

"विचारलं तर खरं सांगेल होय?"

"मग नको विचारूस," तो म्हणाला आणि भाकरीकडे वळला.

ताईला मात्र चैन पडेना. पावडरचं पाकीट कुठे असेल, याचाच ती विचार करू लागली. दाण्याच्या पिंपात? टाकीच्या मागे? पत्र्याखाली? एकदा तर पाकीट तिच्या स्वप्नात आलं, आणि जाग आल्यावर ते खरं नव्हतं म्हणून तिला हळहळ वाटली.

गुरुवारी दुपारी चिमी आईला तपासणीला घेऊन गेली. दोन नंबरवर काम करणाऱ्या मावशी जेवायला घरी गेल्या होत्या. ताई तेव्हा आपल्या शेडमध्ये होती. तिच्या कोंबड्या सत्ताविसाव्या दिवसावर होत्या आणि आठवडाभर खोकत होत्या. तिनं तिसऱ्यांदा पावडर पाजली होती. खोकला थांबत नव्हता, पण मरही फार वाढत नव्हती, त्यामुळे पावडर लागू पडतेय असं तिनं धरलं होतं. शेडच्या दाराशी खिळ्याला बाबांच्या वेळची जुनी किल्ली लटकत होती. दोन्ही शेडला तीच लागायची.

ती तशीच निघाली, पायातल्या बुटांनिशी, अंगावरच्या कपड्यांनिशी.

दार उघडलं आणि समोर ती फळी. ताई क्षणभर थांबली. आतले बूट पलीकडे स्वच्छ पुसून ओळीनं ठेवलेले होते. 'आपल्याच बापाच्या शेडमध्ये शिरायला आपण बूट काढायचे?' असं तिच्या मनात आलं, आणि फळी ओलांडून ती तशीच आत गेली.

आधी तिनं सामानाची खोली पाहिली. दाण्याची पोती, नळ धुवायच्या व्हिनेगरच्या बाटल्या, तापमानाच्या नोंदींची वही. पिंपात कोपरापर्यंत हात घातला. टाकीमागे वाकून पाहिलं. काही नव्हतं. मग ती कोंबड्यांत शिरली. अकरा दिवसांची पिल्लं तिच्या पायांभोवती पांगली आणि पुन्हा जवळ आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालत गेली. मध्येच वाकून तिनं मूठभर भुसा उचलला. तो खरंच भुरभुर गळला. ती बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. चिमीनं फसवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. फसवणाऱ्यावर रागावता तरी येतं.

त्या गुरुवारनंतर पाचव्या दिवशी सकाळी चिमीचा फोन आला.

"ताई, जरा बघायला येतेस? पिल्लांचा आवाज वेगळा येतोय. घरघर लागल्यासारखा."

फोन कानाला होता आणि ताईला बरं वाटलं. ही गोष्ट तिनं पुढे कुणालाच सांगितली नाही, पण झालं ते असंच होतं. आधी बरं वाटलं, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. मग, फोन ठेवता ठेवता, तिला तो गुरुवार आठवला, पायातले न बदललेले बूट आठवले.

ती गेली. या वेळी फळीपाशी बूट काढले, आतले घातले, हात दोनदा धुतले. पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात दाटीनं बसली होती. तोच खोकला होता. अठरा वर्षांच्या कानांना ओळखायला वेळ लागला नाही.

"काय वाटतं तुला?" चिमीनं विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"हवा बदललीय," ताई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना बोलाव."

डॉक्टरीणबाई आल्या, मेलेली पिल्लं उघडून पाहिली, नमुने घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल यायला तीन दिवस लागले. तोवर रोज घमेलंभर पिल्लं बाहेर येत होती. चिमी एकेक मोजायची आणि वहीत लिहायची. चौथ्या दिवशी सगळ्या सामानाच्या खोलीत जमल्या: डॉक्टरीणबाई, चिमी, मावशी आणि ताई.

"जंतू वाढवलेल्या ताटलीत औषधांच्या टिकल्या ठेवतात," डॉक्टरीणबाई मावशींना समजेल अशा बेतानं सांगत होत्या. "ज्या टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, ते औषध चालतं. इथं दोन टिकल्यांना जंतूंनी दादच दिली नाही. अगदी टिकलीला चिकटून वाढलेत. तिसरं औषध चालेल. ते आजच सुरू करायचं, पाच दिवस, सगळ्या शेडला."

"पण मग हिरवी चिठ्ठी…" चिमी म्हणाली.

"या बॅचला नाही लागणार. औषध थांबल्यावर ते अंगातून उतरायला ठरलेले दिवस जाऊ द्यायचे आणि साध्या बाजारात विकायची. आजारी जनावराला औषध नाकारायचं, असं मी तुला कधी शिकवलं नाही."

चिमीनं मान हलवली.

"मला कोडं पडलंय ते वेगळंच," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "जी दोन औषधं चालली नाहीत, ती या शेडमध्ये दोन वर्षांत आलेली नाहीत. इथल्या जंतूंना त्यांची सवय असायचं कारण नाही. हे बाहेरून आलेत. जिथं त्या औषधांची पावडर नेहमी वापरतात अशा ठिकाणाहून." त्या ताईकडे वळल्या. "तुमच्याही शेडचे नमुने घेऊ का? जवळच आहे म्हणून म्हणते."

"माझ्याकडे सगळं ठीक आहे," ताई म्हणाली. "बॅच जायला आलीय. आता कशाला?"

चिमी मावशींकडे पाहत होती. "मावशी, तुम्ही घरी कोंबड्या पाळता का?"

मावशींनी पदर सारखा केला. "चार आहेत, धाकट्या ताई. अंड्यांपुरत्या. लपवायचं म्हणून नाही लपवलं."

"कामाला लागताना मी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा नव्हत्या. मागाहून घेतल्या."

"त्यांना काही पाजता?"

"दुकानदारानं पुडी दिली होती एकदा."

मग चिमी हळू आवाजात म्हणाली, "उद्यापासून येऊ नका, मावशी."

मावशींनी कामाचा झगा काढला, त्याची नीट घडी घातली आणि पोत्यावर ठेवला. ताई दाराच्या चौकटीला टेकून मूग गिळून उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी ताईच्या दारात आल्या.

"तुमच्याकडे काही काम असेल तर बघा, ताई. झाडलोट, पोती उचलणं, काहीही."

"बघते," ताई म्हणाली.

मावशी निघाल्या नाहीत. "धाकट्या ताईंना एवढं सांगा, मी त्या चारही देऊन टाकल्या. माझ्यापायी त्यांचं एवढं वाटोळं झालं, आता घरात कोंबडीचं पीससुद्धा नको. त्या मला कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत हो. माझ्या आजारपणात पंधरा दिवस स्वतः शेड झाडली."

ताईला त्यांच्याकडे पाहवेना. "बसा," ती म्हणाली, "मी आलेच," आणि पायवाटेनं निघाली.

चिमी शेडबाहेर टाकीपाशी औषधाचं पाणी ढवळत होती. आई बाजूला खुर्चीवर बसून जुन्या पोत्यांचे टाके उसवत होती.

"मावशींनी नाही आणलं," ताई म्हणाली. "मी आणलं."

चिमीचा हात थांबला.

"गुरुवारी तुम्ही दवाखान्यात गेला होतात तेव्हा मी आत गेले होते. जुन्या किल्लीनं. माझ्या शेडमधून सरळ, बूट न बदलता. माझ्या कोंबड्या तेव्हा खोकत होत्या. अजूनही खोकताहेत."

"का गेलीस?"

"तू औषध लपवतेस असं वाटलं. शोधायला गेले."

"मिळालं?"

"नाही."

"आणि मिळालं असतं तर काय केलं असतंस?"

ताईला खोटं सुचलं नाही. "मला बरं वाटलं असतं," ती म्हणाली.

आईच्या हातातली कात्री थांबली. चिमी टाकीला दोन्ही हात टेकून उभी राहिली. ती ओरडली असती तर ताईला सोपं गेलं असतं.

"दोन वर्षं झाली," चिमी म्हणाली. "शंभर पावलांवर राहतेस. एकदाही विचारलं नाहीस, कसं करतेस गं म्हणून. मी वाट बघत होते. बाबांनी मला कधी काही शिकवलं नाही, सगळं तुला. मला वाटलं होतं, आता एक गोष्ट अशी आहे जी ताई मला विचारेल."

"तू शिकवशील आणि मी शिकायचं, हेच मला नको होतं," ताई म्हणाली.

"मावशींना मी सगळ्यांसमोर जा म्हटलं. तू तिथं उभी होतीस."

"हो."

"आधी त्यांना सांग. मी सांगणार नाही, तू सांग. मग डॉक्टरीणबाईंना फोन कर आणि नमुने घेऊन जायला सांग. आणि किल्ली ठेव इथं."

ताईनं किल्ली टाकीच्या कडेवर ठेवली. आई काही बोलेल म्हणून ती घुटमळली. आई म्हणाली, "जा, इथून दिसतेय, ती बाई तुझ्या ओट्यावर बसलीय." आणि पुन्हा टाके उसवू लागली.

मावशींना सांगणं चिमीला सांगण्यापेक्षा अवघड गेलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या उठल्या. "काल तुम्ही तिथंच होता," एवढंच बोलल्या. ताईनं देऊ केलेलं काम त्यांनी घेतलं नाही. आठवड्यानं चिमी स्वतः त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आली, तेव्हा त्या दोन नंबरवर परतल्या. ताईशी त्या कामापुरतं बोलत, त्याहून जास्त नाही.

चिमीची आठशे पिल्लं गेली. उरलेली औषधानं सावरली आणि चिठ्ठीशिवाय साध्या बाजारात गेली. दवाखान्याच्या स्वयंपाकघराला त्या खेपेला दुसरीकडून माल घ्यावा लागला. ताईच्या नमुन्यांत तेच जंतू निघाले. त्याच दोन टिकल्या, तसेच चिकटून वाढलेले.

"म्हणजे मी तीन वेळा पाजलं ते…" ताईनं विचारलं.

"पाणीच पाजलंत असं समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरं तर पाण्याहून वाईट. जे जंतू औषधानं मरत होते तेवढे मेले, आणि जे मरत नव्हते त्यांना मोकळं रान मिळालं." मग त्यांनी दोघींना एकत्र बसवून सांगितलं, की इतक्या जवळच्या दोन शेडमध्ये वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्या ठेवू नका. एकीकडचा आजार दुसरीकडे जातच राहणार. दोन्ही शेड एकाच दिवशी रिकाम्या करा, दोन्ही धुवा, पंधरा दिवस तशाच ठेवा आणि एकाच दिवशी भरा.

त्या पंधरा दिवसांत ताईनं आपल्या शेडच्या दारात फळी ठोकली. नळ खाली उतरवून धुतले. एकेका नळातून चिकट बुळबुळीत थर निघत होता. गळणारी तोंडं बदलताना तिला चिमीला विचारावं लागलं. चिमी आली, शिकवलं, आणि शिकवताना जरा जास्तच वेळ घेतला. ताईनं दात आवळून ऐकलं. चिमीच्या चेहऱ्यावरचं समाधान तिला दिसत होतं आणि ते सलतही होतं. पण सलणारी गोष्ट आता निदान समोर होती, तिच्यासाठी पिंपात हात घालायची गरज नव्हती.

"पहिल्या बॅचला मर जास्त होईल," चिमी म्हणाली. "माझी झाली होती. तेव्हा पावडरकडे धावू नकोस. फोन कर."

"तुला?"

"डॉक्टरीणबाईंना," चिमी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाहीतर मला."

पिल्लांची गाडी मंगळवारी सकाळी आली. ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, आधी कुठे उतरवायची. आजवर गाडी नेहमी रस्त्याकडच्या शेडला आधी थांबायची.

"मागे घ्या," चिमी म्हणाली. "माझ्याकडे ऊब तयार आहे. ताईकडे अजून दोन अंश कमी आहे."

ताईला जुनी सुई टोचली. तिनं आत जाऊन तापमान पाहिलं. खरंच दोन अंश कमी होतं. ती बाहेर आली, हातानं गाडीला मागचा रस्ता दाखवला आणि शेगडीची ज्योत वाढवायला परत आत गेली. अर्ध्या तासानं गाडी तिच्याकडे आली. तिनं पहिलं खोकं उघडलं. पिवळी पिल्लं एकमेकांना चिकटून चिवचिवत होती. एकेक उचलून ती त्यांच्या चोची पाण्याच्या नळाला लावू लागली. पन्नास झाली, शंभर झाली. दर पाचशेनंतर ती थोडी थांबायची आणि पलीकडच्या शेडमधून चिमी किती झाली म्हणून ओरडते याकडे कान द्यायची.